किचन काटा: शुगरवाल्या घरात घेण्याआधी हे वाचा

आधी वस्तूबद्दल. पांढऱ्या प्लॅस्टिकचा डिजिटल काटा, वर बशीएवढी गोल जागा, दहा किलोपर्यंत तोलतो, एका ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. किंमत चारशेच्या आसपास. ऑनलाइन पन्नासेक रुपये कमी पडले असते, पण मोजायचं यंत्र हातात घेऊन, चालू करून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही ही माझी जुनी सवय. म्हणून लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातनं घेतला. कंपनीच्या नावात फार अडकू नका. या किमतीतले चार काटे शेजारी ठेवले तर रंग सोडून फरक सापडत नाही.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. निम्मं आयुष्य व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात धरून गेलंय. त्यामुळं काटा घरी आल्यावर सगळ्यात आधी तो खरं बोलतोय का ते बघितलं. घरात वजनाची मापं नसली तरी ही तपासणी करता येते. दहा रुपयांचं जुनं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. तसली दहा नाणी ठेवली, ७७ आलं. मग गोकुळची अर्ध्या लिटरची पिशवी ठेवली. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १०३० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला ५१५ आणि वर पिशवीचं वजन. काट्यानं ५१८ दाखवलं. तीच पिशवी एका कडेला सरकवली तर एखाद-दुसरा ग्रॅम इकडंतिकडं झाला. चारशे रुपयांत याहून जास्त मागणं चूक आहे. भाकरीला मायक्रॉन लागत नाहीत.

एक खोड मात्र लक्षात ठेवा. चिमटी-चिमटीनं साखर टाकत गेलात तर आकडा हलतच नाही. यंत्र ते किरकोळ वजन स्वतःची चूक समजून गिळून टाकतं. वाटी उचलून परत ठेवली की खरा आकडा येतो. पाच ग्रॅमच्या खालचं काही तोलायचं असेल तर या काट्याच्या नादाला लागू नका.

आता काटा का आणला ते. शुगर निघाली तेव्हा माझं एचबीए१सी ८.९ होतं. ही साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. डॉक्टर म्हणाले, सातच्या खाली आणायचं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं: भात एक वाटी, भाकरी एक किंवा चपात्या दोन, गोड बंद. कागद फ्रिजवर लागला आणि भांडणाला त्याच रात्री सुरुवात झाली. 'एक वाटी' नावाची वस्तूच आमच्या घरात नव्हती. आमटीची स्टीलची वाटी आहे, बासुंदीची मोठी आहे, आणि आईची आजऱ्याहून माहेरनं आणलेली पितळेची आहे. बायको आमटीच्या वाटीनं भात वाढायची. आई तिची पाठ फिरली की पितळी घ्यायची आणि वर हातानं दाबून मूद करायची. दोघी म्हणायच्या, "एकच वाटी दिलीय."

दोघी खरंच बोलत होत्या. काटा आल्यावर कळलं की आमटीच्या वाटीत भात ९५ ग्रॅम बसतो आणि आईच्या वाटीत दाबून २३०. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग. म्हणजे एका वाटीत २७ आणि दुसऱ्या वाटीत ६४. फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे दोन्ही बरोबर.

आमच्या घरातले पक्ष सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बायको मोबाईलवरचे व्हिडिओ बघून नियम करते, आणि नियम दर पंधरवड्याला बदलतात. आईचं वय ८२. तिच्या मते भूक मारणं हाच मोठा आजार आहे. पोरगं जिमला जातं, त्याचं एकच म्हणणं, "पप्पा, कार्बच बंद करा, विषय संपला." आणि इचलकरंजीहून आक्काचा फोन येतो, तिच्याकडं दर वेळी नवीन रस असतो: कारल्याचा, दुधीचा, जांभळाच्या बियांचा. आक्का घरात राहत नाही, पण मत तिचंच सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं.

काट्याचा खरा दणका बसला तो भाकरीवर. आमच्याकडं सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी शुगरला चालते. चालते म्हणजे कितीही चालते. भात वाईट, चपाती मध्यम, भाकरी औषध. आई म्हणायची, "भाकरीनं कुणाला शुगर हुतीया? तुझ्या आज्ज्यानं चार-चार खाल्ल्या." आज्जा चार भाकरी खाऊन दिवसभर नांगर धरायचा, मी लेथपुढं स्टुलावर बसतो, हा भाग वेगळा.

आईला म्हटलं, एका भाकरीचं पीठ परातीत काढ. परात काट्यावर ठेवून शून्य केली. तिनं नेहमीसारखं ओंजळीनं पीठ घातलं. ९८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढलेत, त्यात ज्वारीला शंभर ग्रॅममागं ६८ ग्रॅमच्या आसपास कार्ब आहेत. म्हणजे आईची एक भाकरी म्हणजे अडीचशे ग्रॅमला थोडा कमी भात. आणि मी दोन खात होतो, वर 'पथ्य' म्हणून भात सोडल्याचं समाधान.

यात भाकरीची बाजूही सांगितली पाहिजे. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनाच्याही खाली. त्यामुळं साखर चढते पण जरा सावकाश, आणि पोटही भरलेलं राहतं. मी ग्लुकोमीटरवर बघितलंय. दोन भाकऱ्या आणि पिठलं खाल्लं, पहिल्या घासापासून दोन तासांनी २४३. एक भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ आणि काकडी, ती उसळ-काकडी आधी आणि भाकरी मागनं, दोन तासांनी १७१. भाकरी वाईट नाही. आईची भाकरी मोठी आहे.

हे वाक्य घरात बोलायला मात्र छाती लागते. मी बोललो. आई संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

गुळाचं प्रकरण त्याहून नाजूक. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे अवघडच. आमच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, गुऱ्हाळाच्या दिवसांत पाहुणा आला की त्याच्या हातावर गरम गूळ नाहीतर काकवी पडतेच. साखर बंद झाल्यावर आईनं माझा चहा गुळाचा केला. बायकोचीही हरकत नव्हती, व्हिडिओत 'नैसर्गिक' सांगितलं होतं. आक्कानं तर "गूळ उष्ण असतो पण शुगरला चालतो" म्हणून खास सेंद्रिय ढेप पाठवली.

आईचा गूळ घालायचा प्रकार असा की ढेपेतनं अंगठ्यानं खडा मोडायचा आणि पातेल्यात टाकायचा. तिला म्हटलं, चहाला मोडतीस तसा मोड आणि इथं ठेव. १४ ग्रॅम. आधी साखरेचा एक चमचा पडायचा, तो ५ ग्रॅम. गुळात शंभर ग्रॅममागं ८५ ग्रॅमच्या वर साखरच असते, बाकी ओलावा, थोडे क्षार आणि चव. म्हणजे पथ्याच्या चहात आधीच्या दुप्पट साखर जात होती, आणि दिवसातनं तीन कप. ढेप सेंद्रिय होती, यानं त्यात फरक पडत नाही.

ढेपेची विल्हेवाट सोपी झाली, पोरग्यानं जिममधल्या पोरांना वाटली. चहा आता बिनसाखरेचा. पहिले दोन आठवडे तो चहा नव्हताच म्हणा, नंतर जीभ गप बसते.

इथपर्यंत वाचून वाटेल की काट्यानं घर शहाणं केलं. तसं नाही. पहिल्या महिन्यात भांडणं वाढली, आणि याचा दोष काट्यापेक्षा तो कुणाच्या हातात होता याला आहे. काटा बायकोनं ताब्यात घेतला. माझं ताट तिच्यापुढं जायचं, तोललं जायचं, मग मला मिळायचं. पाहुणे असले तरी. भाकरीचा तुकडा मोडून परत डब्यात जायचा. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "गुजरीत बसलीयास व्हय गं, सोनं तोलायला?" बायको म्हणायची, "आत्ती, पाय कापायची पाळी आली म्हणजे मग तोलू काय?" मग आई रडायची, मग पोरगं दार आपटून बाहेर, आणि मधे मी, थंड आमटी घेऊन.

शुगरवाल्याच्या ताटावर पहारा बसला की तो बाहेर खातो. उद्यमनगरात माझ्या ओळखीत शुगरवाले बरेच आहेत आणि बहुतेकांची तीच गत. घरी अर्धी भाकरी, पालेभाजी, शहाण्यासारखं 'बास झालं' म्हणणं. चार वाजता गाड्यावर दोन वडापाव आणि कटिंग. घरातल्यांना वाटतं गोळ्या लागू पडत नाहीत, डॉक्टर बदला. डॉक्टरला वाटतं डोस वाढवा.

आणि पहाऱ्याला दुसरी बाजू आहे, ती जास्त धोक्याची. आक्कानं फोनवर सांगितलं की रात्रीचं जेवण सोडलं की शुगर मुळापासनं जाते. बायकोनं रात्री नुसतं सूप सुरू केलं. गोळ्या मात्र तेवढ्याच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तुम्ही जेवलाय का बघत नाही, ती साखर उतरवायचं आपलं काम करत राहते. एके दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी हात थरथरायला लागले, बनियन घामानं भिजलं, डोळ्यांपुढं धुकं. मीटरवर ६१. सत्तरच्या खाली गेलं की ते कमी समजायचं. आई, जिला या सगळ्यातलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तिनं आधी पेल्यात साखरपाणी केलं आणि मग विचारलं काय होतंय. "पोटाला चिमटा घिऊन कुणाची शुगर उतरलीया?" त्या दिवशी तिला उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. अशा वेळी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातनं घ्यायचं, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच, आणि बरं वाटल्यावर नीट जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. माझा डोसही त्यांनी कमी केला आणि बायकोला स्पष्ट सांगितलं, जेवणात मोठा बदल करायचा तर मला विचारून करा, गोळ्या त्या हिशेबानं बदलाव्या लागतात. हे काम काट्यानं चोख केलं: १५ ग्रॅम साखरेच्या पुड्या करून ठेवल्या. एक माझ्या खिशात, एक वर्कशॉपातल्या ड्रॉवरमध्ये, एक गाडीच्या डिकीत. घरातल्या चमच्यानं सपाट तीन भरतात, पण घाबरलेला माणूस चमचे मोजत नाही.

त्यानंतर मी घरात एकच गोष्ट मागितली. आमच्या कामात ज्यानं जॉब, म्हणजे लेथवरचा सुटा भाग, काढला त्यानंच आधी गेज लावून माप बघायचं असतं. इन्स्पेक्टर येतो ते शेवटी. प्रत्येक कापाला इन्स्पेक्टर डोक्यावर उभा राहिला तर ऑपरेटर स्वतः बघायचंच सोडतो, आणि रिजेक्शन वाढतं. म्हटलं, काटा माझ्या जागेपाशी राहील. मी वाढून घेईन, मी तोलीन, मी वहीत लिहीन. जेवताना आकडा कुणी विचारायचा नाही. रविवारी वही बघा, काय बोलायचं ते तेव्हा बोला.

बायकोला हे पटायला वेळ लागला. तिची भीती खोटी नाही, तिच्या वडिलांचा पाय गँगरीननं गेलाय. घरातला माणूस दुसऱ्याचं ताट ओढतो तेव्हा त्याच्या मागं बहुधा असलंच काहीतरी बघितलेलं असतं. पण वही सुरू झाल्यावर तिचाच एक नियम गळून पडला, तो म्हणजे रविवारचं मटण बंद.

मटणाचा आमचा वाद सगळ्यात जुना. तिचं म्हणणं, शुगर आहे म्हणजे मटण नको. वहीत वेगळंच दिसलं. दीडशे ग्रॅम मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सोबत अर्धी भाकरी आणि कांदा-लिंबू, अशा दिवशी दोन तासांचा आकडा बऱ्याच शाकाहारी दिवसांपेक्षा कमी. त्यात नवल नाही, मटणात कार्ब नसतात, आणि पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध, काजू, खसखस माणशी कितीसं येणार. आकडा चढतो तो रश्श्याबरोबर भुरकलेल्या भातानं. वाटीभर रस्सा आला की वाटीभर भात आपोआप कालवला जातो, आणि पांढऱ्या रश्श्याला तर घनसाळ तांदळाचाच भात लागतो अशी आईची ठाम समजूत.

मी जिंकलो असं वाटून डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, मटणानं साखर चढली नाही हे खरं, पण शुगरवाल्याला हृदयाचा धोका आधीच जास्त असतो. चरबी काढून घ्या, तर्री बाजूला करा, दर रविवारी नको. काटा चरबीचे दीडशे ग्रॅम आणि लाल मांसाचे दीडशे ग्रॅम सारखेच दाखवतो. म्हणजे बायको चुकीच्या कारणानं बरोबर होती, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही. तिनं हे वाचलं तर कळेल.

दुधाचं थोडक्यात: म्हशीच्या दुधात शंभर मिलीला पाचेक ग्रॅम साखर स्वतःची असते. तालमीच्या दिवसांपासनं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभं राहून अर्धा लिटर पिणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. दूध प्या, पण ते पाणी समजून पिऊ नका.

आईबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तिनं काट्याला आजतागायत हात लावलेला नाही. बटणाला बोट लावायलासुद्धा तयार नाही. पण एक दिवस भाकऱ्या करताना पिठाचा गोळा घेऊन माझ्यापुढं आली, म्हणाली, "बघ रं, किती भरतंय." मळलेला गोळा ११२ ग्रॅम. मी म्हटलं, एवढा ठीक आहे, म्हणजे कोरडं पीठ साठाच्या आसपास असंल. ती गेली, दुसरा घेऊन आली: ११३. तिसरा: ११२. मी तीस वर्षं लेथवर आहे, एकाच मापाचे जॉब एकामागून एक काढणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. ओंजळीनं पीठ घेणारी बाई एका ग्रॅमच्या फरकात गोळे करते, फक्त तिला माप कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिला नुसतं 'कमी वाढ' म्हणत होतो. कमी वाढणं हे तिच्या हाताला जमत नाही, पण लहान भाकरी थापणं लगेच जमलं. आता माझ्या भाकऱ्या वेगळ्या फडक्यात असतात आणि दोन असतात. दोन लहान, ४१-४१ ग्रॅम कार्बच्या. तीही एका वेळी एकच खायची असं ठरलंय, पण ताटात 'आणखी घे' म्हणायला तिच्याकडं दुसरी शिल्लक राहते. तिचं समाधान त्या दुसऱ्या भाकरीत आहे. मी तिच्यातली चतकोर घेतो.

आता काट्याचे दोष, जे वेष्टनावर लिहीत नाहीत.

मोठी परात ठेवली की आकडा परातीखाली जातो. वाकून, मान तिरकी करून वाचावा लागतो. उपाय म्हणून मी मधे एक पालथी वाटी ठेवतो आणि तिच्यासकट शून्य करतो. हात धुऊन येईपर्यंत काटा आपोआप बंद होतो, आणि बंद झाला की मघाचं शून्य विसरतो. भांडं उतरवून सगळं पहिल्यापासनं. दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं दिली असती तर बनवणाऱ्याचं काय जाणार होतं कळत नाही. कडाप्प्यावर किंवा फरशीवर ठेवा, फडक्यावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवला तर आकडा नाचतो. गरम पातेलं थेट ठेवू नका. पाण्याखाली धरून धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसायचा. सेल उतरायला लागले की काही दिवस तो चुकीचं दाखवतो आणि मग बंद पडतो, म्हणून मी महिन्याच्या एक तारखेला ती दहा नाणी परत ठेवून बघतो. नाणी एका डबीत वेगळी ठेवलीत. पोरग्यानं त्यातली दोन नेली होती तेव्हा लगेच सापडला.

ब्लूटूथवाला, मोबाईलला जोडणारा महाग काटाही मिळतो. पोरगं तोच घ्या म्हणत होतं. त्यातल्या अॅपमध्ये ओट्स आणि पास्ता सापडतो, थालीपीठ सापडत नाही. वही बरी.

कुणी घ्यावा? ज्या घरात 'थोडंसं' आणि 'जास्त नको' यावरनं रोज वाद होतात, आणि ज्याला शुगर आहे तो स्वतः मोजायला तयार आहे, त्यांनी जरूर. सोबत ग्लुकोमीटर पाहिजे, नाहीतर काटा अर्धीच गोष्ट सांगतो. आयुष्यभर तोलायची गरज नाही. दोनेक महिन्यांत आपल्या वाटीत, आपल्या भाकरीत किती मावतं ते डोळ्यांना कळतं, मग नवीन पदार्थ आला तरच काटा काढायचा. जोतिबाच्या यात्रेला घरी पुरणपोळी झाली तेव्हा मी काढला होता. आमच्याकडं पुरणाला डाळीएवढाच गूळ पडतो. मी एकच पोळी घेतली, कटाची आमटी भरपूर प्यायलो आणि संध्याकाळी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारली.

कुणी घेऊ नये? दुसऱ्याचं ताट तोलायला घेणार असाल तर नका घेऊ. आमच्या आईच्या वयाच्या माणसाला शुगर असेल तर तिथंही घाई करू नका, त्या वयात डॉक्टर आकडे जरा सैल ठेवतात, आणि कमी खाऊन शुगर खाली जाण्याचा धोका जास्त. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच जेवणाची मापं बदलावीत.

माझं एचबीए१सी मागच्या वेळी ७.४ आलं. त्यातलं काट्यामुळं किती, चालण्यामुळं किती, गोळ्यांमुळं किती, हे वेगळं काढता येत नाही, त्यामुळं काट्याला सगळं श्रेय देणार नाही. वस्तू म्हणून पाचापैकी चार तारे. एक तारा त्या आपोआप बंद होण्यासाठी कापला.

सध्याचा वाद असा की मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे, आणि बायकोनं मोबाईलवर खिशात मावणारा छोटा काटा बघून ठेवलाय, पंगतीत न्यायला. मी नको म्हटलंय, आई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं आहे, आणि पोरगं म्हणतंय मागवूया, मजा येईल. तो आलाच तर त्याचा रिव्ह्यू तिनंच लिहावा.